मतं मोजण्याआधी ‘चालेल का?’ विचारा

मंडळं, संस्था, सोसायट्या यांच्या कारभाराविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरात उत्तरं दिली जातात. उत्तरं देणाऱ्या ताईंनी बडोद्यात ३१ वर्षं सहकारी संस्थांचं ऑडिट केलं. निवृत्तीनंतर त्या दांडिया बाजारात राहतात.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं मराठी मंडळ जुनं आहे. वाडी भागात स्वतःची जागा आहे, खाली वाचनालय, वर छोटा हॉल. सभासद १४०. वीस वर्षं तेच पाच जण कार्यकारिणीत होते आणि लोक कुरकुरत होते. म्हणून गेल्या वर्षी रीतसर निवडणूक घेतली. ६१ विरुद्ध ५२ असा निकाल लागला. हरलेले आता सभेला येत नाहीत, वाचनालयातही येत नाहीत. यंदा गणपतीत त्यांनी पुढच्या पोळात, म्हणजे शेजारच्या गल्लीत, वेगळी मूर्ती बसवली. मी चिटणीस, दोन्हीकडून बोलणी खातो. नेमणूक करून भागत नाही, निवडणूक घेऊन भागत नाही. तिसरं काही असतं का? — एक चिटणीस, वाडी

उत्तर : दादा, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते वाचनालयाचं. मूर्ती वेगळी बसली तर पुढच्या वर्षी एकत्र बसेल. पण पुस्तक बदलायला येणारा माणूस यायचा थांबतो तेव्हा तो मंडळातून मनाने निघालेला असतो, आणि तसा निघालेला माणूस परत आणणं फार कठीण.

मी ऑडिटला बसले की ताळेबंद नंतर उघडायचे. आधी सभांचं हजेरीपत्रक मागायचे. त्यात सगळं दिसतं. एका संस्थेत पहिल्या वर्षी ४३ सह्या, मग ३०, मग १२. पुढे प्रत्येक सभेखाली तेच वाक्य : ‘गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात आली व त्याच ठिकाणी पुन्हा घेण्यात आली.’ आणि प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. बारा जणांचं सर्वानुमत! बाकीचे कुठे गेले, का गेले, हे त्या वहीत एका ओळीनेही नव्हतं. पैशाची अफरातफर त्या संस्थेत पुढे तीन वर्षांनी झाली. पण संस्था त्या आधीच, त्या सह्यांमध्ये, संपली होती. म्हणून मी म्हणते, गेलेला सभासद ही हिशेबातली तूट समजा.

आता तुमचा प्रश्न. निवडणुकीत चूक काही नाही, पण ती शेवटची पायरी आहे आणि आपण तिला पहिली करून ठेवलं आहे. हात वर करायला सांगितलं की माणसं दोन बाजूंना जातात, आणि एकदा बाजू पडली की ती सोडायला लाज वाटते. ज्याचं म्हणणं तिसरंच आहे त्याला तर हात कुठल्या वेळी वर करायचा तेच कळत नाही.

आमच्या महिला मंडळात घडलेली गोष्ट सांगते. बाबाजीपुऱ्यात आम्ही ३४ बायका. महिन्याची वर्गणी पन्नासची शंभर करायची होती. भाव वाढलेले, हॉलचं भाडं वाढलेलं, बहुतेक जणींना ते पटलं होतं. हात वर करायला सांगितले असते तर पाच मिनिटांत ठराव झाला असता. मी त्या दिवशी तसं न करता सतरंजीवर बसलेल्या क्रमाने प्रत्येकीला विचारत गेले. ‘तुम्हाला आवडलं का?’ हा प्रश्न मी टाळला. ‘तुम्हाला चालेल का? नसेल चालत तर काय अडतं?’ एवढंच विचारलं. दाराशी एक जण बसायची, ब्लाउज शिवून घर चालवणारी. सभेत तिचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. तिची पाळी आली तशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘शंभर देईन. पण एक तारखेला नाही निघत. गिऱ्हाइकांचे पगार झाल्यावर पैसे येतात, पाच तारखेला द्यायला चालेल का?’

अडचण रकमेची नव्हतीच, तारखेची होती! ठराव बदलला, तारीख पाच झाली, आणि मग आणखी चौघींनी सांगितलं की त्यांनाही पाच बरी. मला रात्री झोप आली नाही. आधीच्या वर्षांत ज्या बायका न सांगता यायच्या थांबल्या, त्यांची अडचणही अशीच एखाद्या तारखेएवढी असेल का, हा विचार डोक्यातून जाईना.

तर तिसरं काय असतं, याचं माझं उत्तर या ‘चालेल’ शब्दात आहे. आपल्याकडे ‘आवडलं’ आणि ‘चालेल’ यांत फरक आहे आणि तो आपण घरात रोज पाळतो. पावणे आले, भाजी काय करायची? सगळ्यांना आवडेल अशी एक भाजी कधीच नसते. सगळ्यांना चालेल अशी असते. इथल्या गुजराती शेजारणी ‘चालशे’ म्हणतात, तेच.

हॉलंडमध्ये या गोष्टीची रीतसर पद्धत बसवली गेली. केस बुके नावाच्या शिक्षकाने १९२६ मध्ये बिल्टहोवेन गावात शाळा काढली. ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेतले. त्या पंथाच्या सभांमध्ये मतं मोजत नाहीत, सभेचा कल जमेपर्यंत थांबतात. शाळेतले नियमसुद्धा मुलं आणि शिक्षक यांनी एकत्र बसून, सगळे मान्य करतील असे ठरवायचे. त्याच शाळेत शिकलेला गेरार्ड एंडेनबुर्ख पुढे विजेच्या कामांची घरची कंपनी चालवू लागला आणि १९७० नंतर त्याने ही रीत कारखान्यात आणली. इंग्रजीत तिला सोशिओक्रसी म्हणतात. तिचा गाभा असा की कुणाचाही सकारण आक्षेप उरला नाही म्हणजे निर्णय झाला. सगळे खूश असावेत अशी अट नाही. आक्षेप निघाला तर तो त्या माणसाचा एकट्याचा राहत नाही. ठराव असा कसा बदलावा की त्याची अडचण मिटेल, हे काम सगळ्या सभेचं होतं.

माणसं निवडायलाही त्यांची वेगळी रीत आहे, उमेदवाराशिवाय निवड. कुणी उभं राहत नाही. प्रत्येक जण चिठ्ठीवर स्वतःचं नाव आणि ज्याला पद द्यावं त्याचं नाव लिहितो आणि मग कारण मोठ्याने सांगतो. सगळ्यांची कारणं ऐकल्यावर कुणाला चिठ्ठी बदलायची असेल तर बदलायची, आणि शेवटी ज्याच्या बाजूने कारणं भक्कम त्याच्या नावावर ‘चालेल का?’ची फेरी. आम्ही खजिनदार अशा पद्धतीने निवडली. एरवी त्या पदाला कुणी तयार व्हायचं नाही. त्या दिवशी आलेल्या २६ चिठ्ठ्यांपैकी अकरांवर एकच नाव होतं, आणि ती बाई थक्क झाली. कारण प्रत्येकीने तेच सांगितलं : दहा वर्षं भिशीचा हिशेब तिच्याकडे आहे, रुपया इकडचा तिकडे झाला नाही. आपल्याविषयी लोक असं बोलतात हे तिला त्या दिवशी कळलं. निवडणुकीत माणसाच्या पाठीमागे त्याचे दोष बोलले जातात, इथे त्याच्या तोंडावर गुण बोलले जातात. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

आणि चिठ्ठीचं म्हणाल तर ते बाहेरून आणायची गरजच नाही. कांचीपुरमजवळ उत्तिरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळातले, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे, शिलालेख आहेत. मी २०१४ मध्ये कांचीपुरमला गेले तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून ते पाहिले. भिंतीभर बारीक तमिळ अक्षरं. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिथे समजावून सांगणाऱ्या गृहस्थांचं बोट ओळीवरून फिरत होतं आणि मला आमच्या खात्याचं परिपत्रक ऐकल्यासारखं वाटत होतं. गावाचे तीस वॉर्ड. प्रत्येकातून पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घड्यात टाकायची आणि लहान मुलाच्या हाताने एक काढायची. निवडलेल्या तिसांतले बारा वार्षिक समितीत, बारा बागेच्या, सहा तळ्याच्या. मुदत ३६० दिवस. गेल्या तीन वर्षांत समितीवर होता त्याचं नाव घड्यात टाकायचंच नाही. आणि ज्याने आधीच्या कारभाराचा हिशेब दिला नाही तो बाद, त्याचे नातेवाईकही बाद! हजार वर्षांपूर्वीचा हा नियम ऐकून माझ्यातली ऑडिटर तिथेच हात जोडून उभी राहिली. तो कारभार जमीन असलेल्या ब्राह्मण पुरुषांपुरता होता, बायकांची आणि इतरांची नावं त्या घड्यात नव्हती, हेही सांगायला हवं. घडा आपण घ्यावा, नावं मात्र सगळ्यांची टाकावी.

आता तुमच्या मंडळासाठी. निकाल फिरवायच्या भानगडीत पडू नका, ६१ मतं खरी आहेत. पण कार्यकारिणीच्या हातातलं एक काम सोडवून वेगळं काढा, आणि ते वाचनालयाचं असू द्या. वाचनालयासाठी सात जणांची समिती चिठ्ठीने काढा. घड्यात १४० नावं टाका, न येणाऱ्यांचीही. नाव निघालं की त्यांच्या घरी स्वतः जा, फोन करू नका. समितीला वर्षाची ठराविक रक्कम द्या आणि तेवढ्यात कुठली पुस्तकं घ्यायची, किती वाजता उघडायचं, हे त्यांनीच ठरवू दे. त्यांच्यातला एक जण, त्यांनीच निवडलेला, कार्यकारिणीच्या सभेत बसेल. गणपतीचं काही बोलू नका. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० पासून गावोगाव वाचनालयं उभी केली ती याच विश्वासावर. गावकऱ्यांनी आपला वाटा आधी जमवायचा, मग तेवढाच लोकल बोर्डाने आणि तेवढाच सरकारने घालायचा. पैसा ज्याने घातला त्याचा पाय वाचनालयाकडे वळतो. तुमच्या बावन्न जणांना पैसा नाही घालायचा, शब्द घालायचा आहे.

प्रश्न : ताई, मी अलकापुरीतल्या एका लहान डिझाइन स्टुडिओत काम करते. आम्ही ११ जण. ‘आमच्याकडे साहेब कुणी नाही, सगळे सारखे’ असं नोकरीला घेताना सांगितलं होतं. पण प्रत्यक्षात दोन जुने मित्र चहाच्या टपरीवर ठरवतात आणि आम्हाला नंतर कळतं. कुणाला विचारावं तर म्हणतात, इथे कुणीच बॉस नाही. मी काय करू? — वय वर्षं २६

उत्तर : तुला तू म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

पद काढून टाकलं म्हणून अधिकार जात नाही. तो नाव नसलेल्या ठिकाणी जाऊन बसतो, तुमच्याकडे तो टपरीवर गेला आहे. नाव असलेल्या साहेबाला निदान जाब विचारता येतो. तुझ्या मित्रमंडळींचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण ज्यांची मैत्री जुनी त्यांचंच चालतं, आणि नवीन मुलीला तर कुठल्या टपरीवर जायचं तेही माहीत नसतं.

तू बंड करू नकोस. एक कागद कर. तीन रकाने : कुठलं काम, कोण ठरवणार, किती रुपयांपर्यंत न विचारता. प्रिंटरची शाई कोण मागवतं, नवं गिऱ्हाईक कोण घेतं, सुट्टी कोण देतं, पगार कोण ठरवतं. आज प्रत्यक्षात जे घडतं तेच लिही आणि अकरांसमोर ठेव. ‘हे असंच चालेल का, की बदलायचं?’ एवढंच विचार. कागद पाहिल्यावर ते दोघेही दचकतील, कारण आपल्याकडे इतकं साचलं आहे हे त्यांनाही कळलेलं नसतं.

सारखेपणा आणि पद एकत्र राहू शकतात. लिज्जतचं उदाहरण घे. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज हजारो बहिणी लाटतात, लाटणारी प्रत्येक जण मालक, नफा-तोटा सगळ्यांचा, आणि निर्णय एकमताने घ्यायचे. तरी प्रत्येक शाखेला संचालिका असते, पीठ मोजून दिलं जातं, पापड तपासून घेतला जातो. कुणाचं काय काम यात गोंधळ नाही, म्हणूनच तिथे कुणी कुणाची नोकर होत नाही.

एंडेनबुर्खच्या कंपनीतली आणखी एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल. प्रत्येक गटातून वरच्या गटात दोन माणसं बसतात. एक वरून नेमलेला प्रमुख, दुसरा खालच्यांनी निवडलेला. प्रमुखावर वरचा निरोप खाली आणायची जबाबदारी असते, म्हणून खालची तक्रार तो पूर्ण ताकदीने वर नेऊ शकत नाही. त्यासाठी दुसरा माणूस. तुमच्या अकरांना दोन गटांची गरज नाही, पण पैशाचं बोलणं जिथे होतं तिथे तुमच्यातला एक जण, तुम्ही निवडलेला, बसलाच पाहिजे. यावर ठाम राहा.

प्रश्न : तुम्ही मागच्या अंकात सर्वसहमतीचं कौतुक केलंत. मी ४० वर्षं संस्थांत काढली आहेत. एक हेकट माणूस पुरे, सगळं अडकतं. — एक ज्येष्ठ वाचक, रावपुरा

उत्तर : काका, तुमचा अनुभव खोटा नाही. मीही असे गृहस्थ पाहिले आहेत. पण त्यांच्यापैकी निम्मे तरी आधी कधीतरी खरं बोलले होते आणि कुणी ऐकलं नव्हतं, असं मला हजेरीपत्रकं वाचून वाटत आलं आहे.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव आहे, वस्ती पाचशेच्या आसपास. देवाजी तोफा तिथले कार्यकर्ते, मोहन हिराबाई हिरालाल त्यांचे साथी होते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा. तिथली ग्रामसभा मतदान करत नाही. सहमती झाली नाही तर निर्णय पुढे ढकलते आणि पुन्हा बसते. याच रीतीने चालून त्या गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क कायद्याने मिळवला. इतक्या मोठ्या गोष्टीत एखादा हेकट आला नसेल का?

त्यांची खुबी अभ्यास गटात आहे. ज्यांना विषय समजून घ्यायचा आहे ते वेगळे बसतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात, वाद घालतात. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत. आपल्या संस्थांत दोन्ही एकाच दीड तासात उरकायचं असतं, त्यामुळे ज्याला विषय कळलेला नाही तो ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही विषय पंधरा दिवस आधी चर्चेला घ्या, चहा ठेवा, निर्णय त्या दिवशी नाही असं आधीच सांगा. निम्मा हेका तिथे विरघळतो.

उरलेल्या हेक्याला कारण विचारा. आक्षेप संस्थेच्या कामाबद्दल हवा. ‘मला तो माणूस आवडत नाही’ हा आक्षेप धरायचा नाही. ‘त्याच्याकडे दोन वर्षांच्या पावत्या अजून आहेत’ हा धरायचा. आणि ठरावाला मुदत घाला. ‘तीन महिने करून पाहू’ म्हटलं की कायमचं ‘नाही’ म्हणणारी माणसं तीन महिन्यांचं ‘चालेल’ देतात. हे मी स्वतः कितीदा तरी पाहिलं आहे. तीन सभा होऊनही तोच अडला तर संस्थेच्या घटनेत असेल ते बहुमत वापरा, मात्र त्याचं म्हणणं शब्दशः इतिवृत्तात लिहून घ्या. मान खाली घालून म्हटलेलं ‘चालेल’ मला त्या हेकटापेक्षा जास्त घाबरवतं, काका. हेकट निदान सभेला तरी येतो.

प्रश्न : चिठ्ठी, फेरी हे सगळं घटनेत नसेल तर बेकायदा ठरेल का? — दोन वाचकांनी विचारलं आहे

उत्तर : याच शहरात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी निघाली. देशातली ती बहुधा पहिली परस्पर साहाय्य संस्था. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला १९०४ मध्ये, पंधरा वर्षांनंतर. कारभाराची रीत लोक आधी बसवतात. पण आज कायदा आहे तर तो पाळून करा.

घटनेत कार्यकारिणी निवडणुकीने असं लिहिलेलं असेल तर ते ओलांडता येत नाही. नावं चिठ्ठीने किंवा फेरीने ठरवा, तेवढेच अर्ज भरा, सर्वसाधारण सभेत बिनविरोध निवड घ्या. वाचनालय, उत्सव, इमारत यांच्या उपसमित्या नेमायला बहुतेक घटनांत मोकळीक असते, तिथे थेट चिठ्ठी चालते. रीत कायमची करायची झाली तर घटनादुरुस्ती. नोंदणी सार्वजनिक ट्रस्ट म्हणून असेल तर विश्वस्त बदलल्यावर चॅरिटी कमिशनरकडे बदल अहवाल ९० दिवसांच्या आत गेला पाहिजे, मग निवड कशीही झालेली असो. हाउसिंग सोसायटीला मात्र १९६१ चा गुजरात सहकारी संस्था कायदा लागतो, त्यांनी आधी आपले उपविधी रजिस्ट्रारच्या कचेरीतल्या मंजूर प्रतीशी ताडून पाहावेत. सोसायटीच्या कपाटातली प्रत पुष्कळदा जुनी असते.